घरातला कुत्रा म्हातारा होऊ लागला की

ठकी म्हातारी झाल्याचे आम्हाला आधी ऐकू आले आणि दिसले नंतर. बारा वर्षे ती बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत नखे वाजवत टकटक येत असे. एका पावसाळ्यात त्या टकटकीत मधूनच काहीतरी खरडल्यासारखा आवाज मिसळू लागला. खाली बसून पाहिले तेव्हा मागच्या डाव्या पायाची मधली दोन नखे फरशीवर घासून बोथट झालेली होती, म्हणजे तो पाय ती पुरता उचलत नव्हती आणि हे काही महिने तरी चालले असावे. आमच्या लक्षात आले नव्हते, कारण तव्यावर भाकरी पडली की ती पूर्वीसारखीच ओट्यापाशी येऊन बसत होती. कुत्रा दुखणे बोलून दाखवत नाही, तो फक्त आपली कामे थोडी थोडी कमी करत जातो. आणि आपण त्याला ‘आता शांत झालाय’ असे म्हणून मोकळे होतो.

पिल्लू घरी कसे आणावे आणि त्याला शी-शूची सवय कशी लावावी, हे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. शेवटची दोन-तीन वर्षे कशी काढावीत हे सांगणारे कमी, म्हणून हे लिहिले आहे. यातले बरेचसे आम्ही ठकीकडून शिकलो, काही डॉक्टरांकडून आणि काही आमच्या चुकांतून.

सुरुवात वयापासून करावी. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सोपा असला तरी खरा नाही. पहिल्या वर्षातच कुत्रा जवळजवळ वयात येतो, आणि पुढे त्याचे वय त्याच्या आकारमानाप्रमाणे वाढते. ग्रेट डेनसारखा धिप्पाड कुत्रा सहा-सात वर्षांतच म्हातारा समजावा. लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्ड आठव्या वर्षाच्या आसपास. पंधरा-वीस किलोचा आपला गावठी कुत्रा नवव्या-दहाव्या वर्षी. आणि पॉमेरेनियनसारखी लहान जात त्याहून थोडी उशिरा. गावठी कुत्र्याला वेळेवर लस, पोटभर अन्न आणि गोचिडांपासून संरक्षण मिळाले तर तो तेरा-चौदा वर्षे सहज काढतो. ठकी सव्वापंधरा वर्षांची झाली.

वही घालणे

सातवे-आठवे वर्ष लागले की एक साधी दोनशे पानी वही कुत्र्याच्या नावाने घालावी. मोबाइलमध्येही नोंद ठेवता येते, पण घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी, फ्रिजवर ठेवलेली वहीच शेवटी उपयोगी पडते, असा आमचा अनुभव आहे. तीत रोज निबंध लिहायचा नसून चार-पाच आकडे लिहायचे असतात.

पहिला आकडा वजनाचा. महिन्यातून एकदा कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि वजाबाकी करावी. अन्न तेच असून पंधरा किलोच्या कुत्र्याचे दीड किलो वजन दोन महिन्यांत उतरले, तर ते ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. दुसरा आकडा श्वासाचा. कुत्रा गाढ झोपेत असताना छाती किती वेळा वर येते ते अर्धा मिनिट मोजावे आणि दुप्पट करावे. निरोगी कुत्र्याचा हा आकडा मिनिटाला तिसाच्या आत राहतो; तो दोन-तीन दिवस सतत तिसाच्या वर जाऊ लागला तर हृदयाची किंवा फुप्फुसांची तपासणी लांबवू नये. खोकला सुरू होण्यापूर्वीच हा आकडा बरेचदा बोलू लागतो.

तिसरा आकडा पाण्याचा, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. सकाळी भांड्यात मापून पाणी भरावे, दिवसभरात जितके वाढवले ते लिहावे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले वजा करावे. दर किलो वजनामागे चोवीस तासांत शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल, म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला दीड लिटरहून अधिक लागत असेल, तर मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा ग्रंथींचा एखादा विकार असण्याची शक्यता धरावी. मूत्रपिंडांचे बहुतेक काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही; वाढलेली तहान ही त्यांनी दिलेली पहिली सूचना असते. उन्हाळ्यात पाणी वाढणारच, म्हणून मागच्या वर्षीच्या मे महिन्याचा आकडा वहीत असला तर तुलना करता येते.

नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या बाबतीत याच तहानेचा आणखी एक अर्थ असू शकतो. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत ती फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली, जेवेनाशी झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. योनीतून स्राव दिसेलच असे नाही. तो दिसत नाही तेव्हा धोका अधिक असतो.

याशिवाय जेवण पूर्ण झाले की नाही, शी कशी झाली आणि फिरायला कुठवर गेली, एवढे लिहिले की पुरे. हिरड्यांचा रंग मात्र सवयीने पाहत जावा. त्या गुलाबी असाव्यात, बोटाने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हाव्यात. पांढरट हिरड्या आणि सुस्ती यांचा अर्थ आपल्याकडे बरेचदा गोचीडताप असतो, आणि तो म्हाताऱ्या कुत्र्याला तरुण कुत्र्यापेक्षा फार लवकर खाली आणतो. ताप हात लावून कळत नाही. कुत्र्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते, त्यामुळे आपल्या हाताला तो नेहमीच गरम लागतो.

वर्षातून दोनदा रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. रेबीजची लस वय झाले म्हणून बंद करू नये. अंगावर कुठे गाठ लागली तर ती चरबीचीच असेल असे घरच्या घरी ठरवू नये. सुईने थोड्या पेशी काढून ती तपासता येते.

घराची मांडणी

नव्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्स म्हाताऱ्या कुत्र्याच्या वैरी आहेत. मागचे पाय आधीच अशक्त झालेले असतात, त्यात ते बाजूला घसरतात. दोन-तीनदा असे झाले की कुत्रा उठायलाच घाबरू लागतो आणि न उठल्याने स्नायू आणखी उतरतात. जिथून तो रोज जातो, म्हणजे अंथरुणापासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत, त्या वाटेवर सतरंजी, चटई किंवा तागाची पोती अंथरून कडा चिकटपट्टीने बसवून टाकाव्यात. घरात पायवाट आखल्यासारखे दिसते आणि पाहुणे विचारतात, विचारू द्यावे. तळव्यांच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस कापावेत आणि नखे दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करावीत, कारण चालणे कमी झाले की ती घासली जात नाहीत.

अंथरूण जाड हवे. आमच्याकडे आईच्या जुन्या सुती लुगड्यांची गोधडी होती, तिच्याखाली जुन्या गादीचा तुकडा घातला आणि सर्वांत खाली लाकडी फळी ठेवली, कारण पावसाळ्यात जमिनीची ओल वर येते आणि सांधे धरतात. पाण्याचे आणि जेवणाचे भांडे पाटावर ठेवले की मान फार वाकवावी लागत नाही. जिना असेल तर चढताना आणि उतरताना आधार द्यावा. ओढणी किंवा जुने पंचे पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घालून दोन्ही टोके वर हातात धरली की कुत्र्याचे अर्धे वजन आपल्याकडे येते. ही युक्ती कुत्रा चालता असतानाच त्याला सवयीची करून ठेवावी, म्हणजे खरी गरज पडेल त्या दिवशी तो बुजत नाही.

फिरवणे बंद करू नये, ते लहान करावे. दिवसातून एकदा लांबवर नेण्याऐवजी तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे न्यावे, उन्हाळ्यात ऊन तापण्यापूर्वी, आणि वेग त्याचा असावा. ठकी शेवटच्या वर्षी सोसायटीच्या फाटकापर्यंत जायला वीस मिनिटे घेत असे, कारण प्रत्येक खांबाचा, प्रत्येक गाडीच्या चाकाचा वास घेतल्याशिवाय तिचे पाऊल पुढे पडत नसे. सुरुवातीला मी पट्टा ओढत असे. मग लक्षात आले की तिच्यासाठी ते चालणे नव्हतेच, तो वर्तमानपत्र वाचण्याचा वेळ होता.

खाणे

म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांसाठी घरच्या घरी करता येण्याजोगा सर्वांत मोठा उपाय म्हणजे त्याला जाड होऊ न देणे. छातीवरून हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागायला हव्यात, पण दुरून मोजता येऊ नयेत. याच्या उलटही घडते, म्हणजे वय वाढले म्हणून मांसाहार बंद करून नुसता वरणभात सुरू केला जातो आणि स्नायू आणखी उतरतात. मूत्रपिंडे ठीक असतील तर चांगल्या प्रथिनांची गरज म्हातारपणी कमी होत नाही. ती बिघडली असतील तर काय कमी करायचे हे डॉक्टरांनी तपासणीचे आकडे पाहून सांगावे.

दूध-भाकरी ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यावर वाढलेले कुत्रे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत, तरी मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही आणि म्हातारपणी ते जुलाबांतून कळते. ताक किंवा थोडे दही बहुधा चालते. उकडलेली कोंबडी, अंडे, भात, लाल भोपळा, गाजर आणि मऊ भाकरी, सगळे मिठाशिवाय आणि फोडणीशिवाय, एवढ्यावर ठकीचे बरे चालले, पण केवळ घरचे अन्न द्यायचे असेल तर कॅल्शियम आणि इतर घटकांची भर डॉक्टरांना विचारूनच घालावी. कांदा आणि लसूण कोणत्याही रूपात देऊ नयेत, त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे रात्रीचा उरलेला रस्सा बाद. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडे बंद पाडू शकतात, म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरासुद्धा देऊ नये. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात आणि आतडी फाडतात.

कुत्र्याने भाकरी पळवली म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा मला फार आवडते. तरीही सांगायला हवे की म्हाताऱ्या कुत्र्याला एकदम बरेच तूप किंवा तळलेले दिले तर स्वादुपिंडाला सूज येऊन तो तीन-चार दिवस ओकत राहू शकतो. भाकरी कोरडीच द्यावी, फार तर कोंबडीच्या बिनमिठाच्या पाण्यात भिजवून.

दुखणे आणि गोळ्या

आमची सर्वांत मोठी चूक इथे झाली. पायाचा आवाज बदलल्यानंतर डॉक्टरांची वेळ आठवड्याने मिळाली होती, आणि मधल्या रविवारी ठकी रात्रभर धापा टाकत जागी राहिली म्हणून मी आपल्या घरच्या औषधांच्या डब्यातली आयब्युप्रोफेनची अर्धी गोळी तिला भाकरीतून दिली. दुसऱ्या दिवशी बरे वाटल्यासारखे दिसले, म्हणून आणखी अर्धी. तिसऱ्या दिवशी तिची शी डांबरासारखी काळी आणि चिकट झाली. काळी शी म्हणजे जठरात रक्तस्राव होतो आहे. ती वाचली, पण सलाइनवर चार दिवस गेले, आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला जे ऐकवले ते योग्यच होते. माणसांच्या डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्या, म्हणजे पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, कुत्र्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत. कुत्र्यांसाठीची सांधेदुखीची औषधे वेगळी असतात, ती पोटभर खाऊ घालून द्यायची असतात, ती चालू असताना अधूनमधून यकृत आणि मूत्रपिंडे तपासावी लागतात, आणि स्टेरॉइड चालू असेल तर ती देत नाहीत. म्हणून नव्या डॉक्टरांकडे जाताना आधी काय चालू होते ते वहीतून दाखवावे.

दुखते आहे हे ओळखायला विव्हळण्याची वाट पाहू नये. रात्री उकाडा नसताना धापा टाकणे, एकच सांधा सतत चाटणे, बसताना मागचा भाग हळूहळू टेकवणे, गाडीत किंवा पलंगावर उडी मारण्याआधी थांबून विचार करणे, आंग झाडायचे सोडून देणे, आणि ज्याने कधी दात दाखवले नाहीत त्याने पोराने कमरेवर हात ठेवताच गुरगुरणे, ही सगळी दुखण्याचीच भाषा आहे.

कान, डोळे आणि मन

डोळ्यांत निळसर धुरकटपणा येतो तो बहुधा वयाचा असतो आणि त्यातून कुत्र्याला पुष्कळसे दिसत राहते. मोतीबिंदू दुधासारखा पांढरा दिसतो. फरक डॉक्टरांनीच सांगावा. दिसेनासे झाले तर घरातले सामान हलवू नये, एवढा एक नियम पाळला की कुत्रा महिन्याभरात घराचा नकाशा पाठ करतो. ऐकू येणे कमी होण्याआधीच हाताच्या खुणा शिकवून ठेवाव्यात: तळहात खाली म्हणजे बस, हात स्वतःकडे म्हणजे ये. झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला मागून हात लावू नये. जमिनीवर पाय आपटावा, त्याला ते जाणवते. दचकून घरचाच कुत्रा चावतो, आणि चावला तर तो घरचा आहे म्हणून दुर्लक्ष न करता जखम पंधरा मिनिटे साबणाच्या वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

बहिरेपणाने ठकीला एक गोष्ट दिली. तेरा वर्षे दिवाळीचे चार दिवस ती न्हाणीघरात, बादलीच्या मागे थरथरत काढत असे. दारे-खिडक्या बंद करून, पंखा मोठा करून, तिच्याजवळ बसूनही तिचे हृदय हाताला धडधडत असे. चौदाव्या दिवाळीला बाहेर लड वाजत होती आणि ती दिवाणखान्याच्या मध्यावर चारही पाय ताणून घोरत होती. आम्ही चौघेही फराळ सोडून तिच्याकडे पाहत बसलो.

मनाचे म्हातारपण मात्र अवघड असते. एका रात्री दोन वाजता आम्हाला हलका आवाज आला. पाहिले तर ठकी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत तोंड घालून उभी होती. तिला मागे सरता येत होते, पण मागे सरायचे असते हेच ती विसरली होती. तिला धरून बाहेर काढले तेव्हा तिने माझा हात हुंगला आणि ओळख पटल्यावर शेपूट हलवली, एकदाच. दिवसा झोप आणि रात्री येरझाऱ्या, भिंतीकडे टक लावणे, नेहमीच्या दाराच्या उलट बाजूला, बिजागरीकडे उभे राहणे, घरात शी-शू होणे, ही मेंदूच्या वार्धक्याची लक्षणे आहेत. रागावून उपयोग नसतो. अशा फटी उशा लावून बंद कराव्यात, रात्री मंद दिवा ठेवावा, सकाळी अर्धा तास उन्हात बसवावे, संध्याकाळी थोडे चालवावे आणि जेवणाच्या वेळा मिनिटभरही हलवू नयेत. यावर औषधेही आहेत. थोडा फरक पडतो.

झोपेत लघवी गळणे ही वेगळी गोष्ट. नसबंदी झालेल्या म्हाताऱ्या कुत्रींमध्ये ती सर्रास दिसते आणि बहुतेक वेळा औषधाने आटोक्यात येते, म्हणून लाजेने लपवू नये आणि पाणी तर मुळीच तोडू नये. लहान मुलांच्या डायपरला शेपटीपुरते भोक पाडले की काम भागते. ओले राहिलेले केस कापावेत, कातडी साध्या कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी आणि तिथली फरशी तीव्र फिनेलने पुसू नये, कारण कुत्रा त्यावर झोपतो आणि पाय चाटतो.

कुत्रा उठेनासाच झाला तर दर तीन-चार तासांनी कूस बदलावी. कोपरे, खुबा आणि खांदा इथे कातडी लाल होते आहे का ते रोज पाहावे. उशी देऊन छातीवर बसते करूनच पाणी पाजावे, आडव्याने पाजल्यास ते फुप्फुसात जाते. हे काम एका माणसाचे नाही. घरात पाळ्या लावाव्यात, नाहीतर जो सर्वांत जास्त प्रेम करतो तोच सर्वांत आधी थकतो आणि चिडतो, आणि नंतर त्या चिडण्याचे त्याला आयुष्यभर वाईट वाटते.

निर्णय

दयामरणाविषयी घरात पहिल्यांदा बोलायचे ते कुत्रा बरा असताना. कोणत्या टप्प्यानंतर शस्त्रक्रिया करायची नाही, खर्च कुठवर झेपेल, शेवटचा शब्द कोणाचा, घरी येणारे डॉक्टर आहेत का आणि रात्री-अपरात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावे. पैशांविषयी बोलण्यात कमीपणा मानू नये. आठव्या वर्षापासून दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकली तर शेवटचा निर्णय खिशाकडे पाहून घ्यावा लागत नाही.

‘वेळ आली की तोच सांगेल’ असे पुष्कळ जण म्हणतात. माझा यावर विश्वास राहिलेला नाही. काही कुत्रे सांगतात. बरेच जण शेवटच्या दिवशीही पावलांचा आवाज आला की शेपूट हलवतात, आणि आपण ती शेपूट पाहून आणखी एक आठवडा काढतो. म्हणून मोजमाप हवे. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी एक तक्ता केला आहे. दुखणे, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर असेल तर सांभाळत राहणे योग्य. घरातल्या प्रत्येकाने हे गुण एकमेकांना न दाखवता द्यावेत. आमच्याकडे माझी बेरीज बेचाळीस आली, बायकोची एकोणतीस. तिची खरी होती, कारण रात्री तीच उठत होती.

त्याहून सोपी गोष्ट आम्ही केली ती अशी की भिंतीवरच्या कॅलेंडरात, ज्या चौकोनात दुधाचा हिशेब लिहितो तिथेच, रोज झोपण्यापूर्वी चांगल्या दिवसाला बरोबरची खूण आणि वाईट दिवसाला फुली करायची. चांगला दिवस म्हणजे काय हेही आधी ठरवले होते: तिने भाकरीचा पापुद्रा आपणहून खाल्ला, गॅलरीतल्या उन्हात जाऊन बसली, भाजीवाल्यावर एकदा तरी भुंकली, धाकटीच्या पायावर हनुवटी टेकली. चारपैकी दोन झाले तर खूण. माघ महिन्यात खुणा आणि फुल्या निम्म्या-निम्म्या होत्या. फाल्गुनात सलग अकरा फुल्या झाल्या.

तरीही आम्ही आठ दिवस उशीर केला. थोरली परगावाहून यायची होती, तिची परीक्षा संपायची होती. त्या आठ दिवसांत ठकीला मिळाले ते आमच्यासाठी होते, तिच्यासाठी नव्हते. आज तोच प्रसंग आला तर मी थोरलीला फोनवर तिचा चेहरा दाखवून निरोप घ्यायला सांगेन.

प्रत्यक्ष दिवशी काय होते ते आधी माहीत असावे. प्रथम गुंगीचे इंजेक्शन देतात, पाच-दहा मिनिटांत कुत्रा गाढ झोपतो. मग शिरेतून भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा देतात आणि काही मिनिटांत हृदय थांबते. गुंगी किंवा भूल न देता थेट हृदय थांबवणारे औषध देणे क्रूरपणाचे आहे, म्हणून कोणते औषध, कोणत्या क्रमाने, हे डॉक्टरांना आदल्या दिवशी स्पष्ट विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. डोळे मिटत नाहीत. नंतर एखादा खोल श्वास घेतल्यासारखे होते, कातडी थरथरते, लघवी होते; ते जिवंतपणाचे लक्षण नसते. खाली जुनी चादर आणि प्लास्टिक घालून ठेवावे. डोक्याशी घरातले कोणीतरी बसावे, शक्य असेल तर.

लहान मुलांना ‘गावाला पाठवले’ असे सांगू नये. ती गावाचा पत्ता विचारतात.

नंतर

शरीर काही तासांत ताठ होते, म्हणून पाय आधीच पोटाशी दुमडून सुती कापडात गुंडाळावे. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला जवळ येऊन हुंगू द्यावे. अन्यथा तो दिवसेंदिवस दाराशी बसून राहतो. मोठ्या शहरांत लहान प्राण्यांच्या दहनाची सोय होऊ लागली आहे, मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला अशी सोय सुरू केली. आपल्या गावी काय आहे याची चौकशी आधीच करून फोन क्रमांक वहीत लिहावा. शेतात पुरायचे असेल तर खड्डा किमान चार फूट खोल, विहीर आणि ओढ्यापासून लांब असावा. दयामरणाच्या औषधाचा अंश शरीरात उरतो आणि वरवर पुरलेले शरीर उकरून खाणाऱ्या प्राण्या-पक्ष्यांना त्यातून विषबाधा होऊ शकते.

कुत्र्याचे सुतक नसते, कचेरीत रजा मागता येत नाही, आणि ‘कुत्रंच तर होतं’ म्हणणारे शेजारी असतातच. अशांना उत्तर देण्यात शक्ती घालवू नये. अंथरूण आणि भांडी लगेच काढून टाकण्याची घाई करू नये, तसेच महिन्याच्या आत नवे पिल्लू आणण्याचीही. न उघडलेली औषधे आणि डायपर डॉक्टरांकडे नेऊन द्यावेत, कोणाच्या तरी उपयोगी पडतात. महापालिकेचा परवाना असेल तर तो रद्द करून घ्यावा. भाकरी काही दिवस एक जास्तच थापली जाते. आमच्याकडे ती वॉचमनच्या खोलीशी राहणाऱ्या लंगड्या काळ्याला जाऊ लागली, आणि तो आता जिन्यापर्यंत येतो.

घरात दुसरा कुत्रा असेल आणि त्याला सातवे वर्ष लागले असेल, तर त्याची वही याच आठवड्यात घालावी. मोत्याची वही आम्ही चैत्रात घातली. पहिल्या पानावर एवढेच आहे: वजन १९ किलो ४०० ग्रॅम, झोपेत श्वास १८, पाणी पाऊण लिटर, मागचे दोन्ही पाय ठीक, नखे वाजतात.